खांडीची माती

सरिता कापूस वेचायला निघाली तेव्हा पाण्याचा आवाज भलत्याच बाजूनं येत होता. बंधाऱ्याची भिंत डाव्या हाताला आणि खळखळ उजव्या हाताला, थेट त्यांच्या रानाच्या अंगानं. कमरेला ओटी बांधता बांधताच ती बांधावर चढली आणि तिथंच उभी राहिली.

बंधाऱ्याच्या दगडी भिंतीपासून त्यांच्या रानापर्यंत मातीचा भराव होता. वरून बैलगाडी जाईल एवढा रुंद. गावातून बंधाऱ्याच्या भिंतीवर जायचा रस्ताच तो. आज त्या रस्त्याचा मधला तुकडा जागेवर नव्हता. तिथून तांबूस पाणी चकाकत, फेसाळत खाली उतरत होतं आणि दोन्ही काठांची माती ढेकळाढेकळानं गिळत होतं.

पावसाळा सरला, नदी बारीक झाली, की बंधाऱ्याला लोखंडी दारं टाकायची. अडलेलं पाणी मग उन्हाळ्यापर्यंत पुरायचं. यंदा दिवाळीआधी दारं टाकली आणि आठवडाही झाला नाही तोवर वर कन्नडच्या डोंगरात अवकाळी कोसळला. पूर आला. रस्ता पाण्याखाली गेलेला, दारं काढायला कुणाला पोचता आलं नाही. पाण्यानं भिंतीला ढुसण्या दिल्या, भिंत हलली नाही, मग त्यानं बगलेची मऊ जागा धरली. पूर रात्रीतून ओसरला. आता भरावाला पडलेल्या खांडीतून चाललं होतं ते वर्षभराचं साठवणीचं पाणी.

सासू मागून धापा टाकत आली. गोजरबाईंचे गुडघे अलीकडं वाकत नव्हते. त्यांनी काठी रोवली, डोळ्यांवर हात धरला.

"किती ऱ्हायलं आतमधी?"

"निम्म्याच्या वर हाये, आत्याबाई. पण खांड रुंद व्हू ऱ्हायली."

गावच्या नळाची विहीर त्याच पाण्याच्या काठाला होती. पाणी गेलं की विहीर आटणार, आणि विहीर आटली की सगळ्यात आधी नळ कोरडा पडायचा तो शेवटाला असलेल्या भीमनगरचा. यांच्या दारचा.

उन्हं वर येईस्तोवर आंबेगव्हाणचं अर्धं गाव भरावावर जमलं. सरपंच सुदर्शन आला. त्याचे चुलते काकासाहेब आले. पलीकडच्या काठाला लांबवर दिसत होता तो ऊस त्यांचा, आणि नदीतल्या मोटारीही बहुतेक त्यांच्याच. गंगापूरहून जीपनं अमृता मॅडम आल्या. बंधाऱ्याचं काम बघणाऱ्या इंजिनिअर, वयानं तिशीच्या आतबाहेर. पॅन्ट गुडघ्यापर्यंत चिखलात भरली तरी त्या खांडीच्या तोंडाशी उकिडव्या बसून हातातली काठी पाण्यात धरून बघत होत्या. काठी सारखी हिसकली जात होती.

जेसीबी आलं होतं. टेकडीच्या मुरमाच्या काही खेपा आधीच ओतून झाल्या होत्या. मुरूम पडायचा, क्षणभर ढीग दिसायचा, मग मधूनच पाणी फुटायचं आणि ढीग साखरेसारखा विरघळायचा.

अमृता मॅडम उठल्या. "मुरमानं होणार नाही. आधी लाकडी बल्ल्या ठोकून जाळीत दगड टाकू, त्याच्यामागं पोती रचू, आणि पोत्यांना चिकटून काळी माती दाबायची. चिकणी पाहिजे. आणि जवळची पाहिजे. लांबून आणत बसलो तर तोवर आत काही उरणार नाही."

जवळची म्हणजे कुठली, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. कापूस फुटून पांढरं झालेलं रान भरावाला लागूनच होतं.

सुदर्शन गोजरबाईंच्या जवळ आला. वरवर बघितलं तर आदबीनं. "गोजरमावशी, तुमच्याबिगर गावाला आता कोण हाये?"

सरितानं मान वर केली. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं या तोंडून 'गोजरे' याशिवाय दुसरं काही ऐकलं नव्हतं. मावशी आज पहिल्यांदाच.

"पलीकडं नाय का काळी माती?" सरिता म्हणाली.

सुदर्शननं ऐकलं न ऐकलंसं केलं. "लेकी, तू नको मधी बोलू. आम्ही मावशीशी बोलू ऱ्हायलो."

सरितानं त्याच्याकडं बघितलंच नाही. "मॅडम, मी तुम्हाला इचारते. त्या उसातली माती चालंल का नाय, तेवढं सांगा."

अमृता मॅडमनी एकवार काकासाहेबांकडं बघितलं. "चालेल," त्या म्हणाल्या. "मातीत काही फरक नाही. पण मशीन अलीकडं आहे, आणि ट्रॅक्टरला पुलाचा फेरा घालून यावं लागेल. वेळ फार जाईल. हे खोटं नाही सांगत मी."

"उभा ऊस हाये, बाई," काकासाहेब शांतपणे म्हणाले. "उभ्या पिकात मशीन कसं घालावं?"

"आन ह्यो कापूस काय बसलेला हाये?"

मागं कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. काकासाहेबांनी टोपी काढून घाम पुसला.

सरितानं फोन लावला. धम्मपाल, तिचा नवरा, वाळूजच्या कंपनीत रात्रपाळीला होता. पाळी संपवून तो बसमध्येच होता. तिनं थोडक्यात सांगितलं. धम्मपाल म्हणाला, "एक पाटी उचलू देऊ नको. मी येऊ ऱ्हायलो."

सरिताचंही मन तेच सांगत होतं. ते रान म्हणजे तिचे गेलेले सासरे कडुबा. गायरान कसायला घेतलं म्हणून गावानं मारलं, सरकारनं हर्सूलच्या तुरुंगात ठेवलं, तरी त्यांनी ते सोडलं नाही. सात-बाऱ्यावर नाव लागलं तेव्हा ते रान निव्वळ खडक होतं. जुन्या तलावातला गाळ नवरा-बायकोनं डोक्यावरून आणून आणून त्यावर पसरला. किती उन्हाळे, हे गोजरबाईंनाही सांगता यायचं नाही. डोक्याच्या मधोमध त्यांचे केस कायमचे गेलेले होते.

आणि त्या रानाचा बंधाऱ्याला हात लागतो म्हणावं, तर बंधाऱ्याचं थेंबभर पाणी त्याला कधी मिळालं नव्हतं. विजेचे खांब पलीकडच्या काठाला. तार आणायची म्हटलं की काकासाहेबांचं रान मध्ये यायचं.

गोजरबाई बराच वेळ पाण्याकडं बघत राहिल्या. मग कापसात शिरल्या, चालत चालत मध्यापर्यंत गेल्या आणि एका सरीवर काठी रोवून उभ्या राहिल्या.

"हितपासून खालचं घ्या," त्या म्हणाल्या. "ह्या सरीच्या पुढं यायचं नाय."

सरिता त्यांच्याजवळ धावली. "आत्याबाई, काहून देता? ह्यांनी कधी आपल्याला..."

"तुझ्या लग्नाआधी टँकर येत व्हता," गोजरबाई तिच्याकडं न बघता म्हणाल्या. "त्याच्या मागं घागर घेऊन पळावं लागायचं. पळता पळता ह्यांच्या बायांच्या घागरी आधी लागायच्या, आपला नंबर शेवटी. आता माझ्याच्यानं पळणं व्हत नाय. तुला पळायला लावू?"

मशीनचं दातेरी पातं कापसात शिरलं. फुटलेली बोंडं, हिरवी बोंडं, मुळ्या सगळं एकदम वर आलं आणि खालची काळी माती ओली चकचकीत दिसली. सरितानं दुसरीकडं तोंड केलं. दोघी-तिघी बाया तिच्या मदतीला आल्या आणि मशीनच्या पुढं पुढं राहून जेवढा हाती लागेल तेवढा कापूस ओटीत कोंबू लागल्या. मशीन काही थांबत नव्हतं.

दुपारपर्यंत दोन्ही बाजूंनी भराव पुढं सरकला. बल्ल्या ठोकल्या, तारेच्या जाळीत दगड भरून लोटले. खांड अरुंद होत गेली तसं पाणी जास्तच खवळलं. सकाळी गुडघाभर पाण्यात माणूस उभा राहत होता, आता त्याच पाण्यात पाय टिकत नव्हता. पोतं टाकलं की ते बल्ल्यांना लागायच्या आधीच खालून निसटायचं.

"आत माणसं लागतील," अमृता मॅडम म्हणाल्या. "बल्ल्यांच्या मागं उभं राहून पोती दाबून धरणारी. दोर बांधल्याशिवाय कुणी उतरायचं नाही."

तेवढ्यात धम्मपाल आला. डोळे तांबडे, अंगावर कंपनीचा निळा शर्ट तसाच. त्यानं आपल्या रानातला खड्डा बघितला. आईला बघितलं, ती सरीवर काठी धरून उभीच होती. तो सुदर्शनच्या अंगावर जाईल असं सरिताला वाटलं, म्हणून ती आडवी झाली. पण धम्मपालनं नुसता शर्ट काढला आणि तिच्या हातात दिला.

"माती गेलीच हाये," तो म्हणाला. "आता पाणीबी गेलं तर काय उरलं?"

त्यानं कमरेला दोर बांधला. दुसरा दोर स्वतःच्या कमरेला बांधून आणखी एक जण पुढं आला. काकासाहेबांचा सत्यम. शाळेत दोघं एका बाकावर होते, नंतर बोलणं सुटलेलं. काकासाहेब मागून "सत्या" म्हणाले, पण तो तोवर पाण्यात उतरला होता.

दोघं छातीपर्यंत पाण्यात उभे राहिले. वरून पोतं यायचं, ते छातीनं, गुडघ्यानं बल्ल्यांवर दाबायचं, पायानं खाली कोंबायचं, मग दुसरं. पाणी त्यांच्या काखांतून उसळत होतं. कडेनं बाया पोती भरत होत्या, पुरुष हातोहात पुढं देत होते. आज कुणाचं पोतं कुणाच्या हातातून येतंय हे बघायला कुणाला सवड नव्हती. पोत्यांची रांग पाण्याच्या वर आली, आणि मशीन मागून माती लोटायला लागलं.

आणि माती संपली.

सरीच्या खालचं सगळं रान खणून झालं होतं. ड्रायव्हर शहरातला, पोटासाठी मशीन चालवणारा माणूस. त्यानं मशीन सरीपर्यंत आणलं, पातं वर उचलून धरलं आणि बाहेर डोकं काढलं. "अम्मा, जरा बाजू हो जाओ."

गोजरबाई हलल्या नाहीत.

खाली पोत्यांची रांग पोटातून फुगायला लागली. अमृता मॅडम ओरडल्या, "माती टाका मागून, रांग बसतेय." धम्मपाल पाठ लावून रेटत होता. त्याचं तोंड पाण्याच्या बाजूला वळलेलं होतं. रांग गेली असती तर बल्ल्यांसकट, पोत्यांसकट दोघंही दगडांच्या जाळीवर आपटले असते. दोर काही कामाचा नव्हता, हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं.

सरिता कापसातून पळत गेली. "आत्याबाई, सरका."

"ह्या सरीच्या पुढं नाय म्हणले व्हते मी."

"तुमचं पोरगं हाये खाली."

गोजरबाईंनी खाली बघितलं. त्यांचे ओठ हलले, पण पाय हलले नाहीत. जणू पाय त्यांचे नव्हतेच. सरितानं त्यांच्या दंडाला धरलं. ते हाड तिच्या मुठीत मावलं. तिनं एकदा ओढलं, मग जोरात ओढलं. काठी पडली, म्हातारी तिच्या अंगावर आली, आणि मशीनचं पातं त्यांच्या पायांच्या ठशांतच शिरलं.

सूर्य मावळायच्या आत खांड बुजली. पाणी एका जागी पाझरत होतं, तिथं दाबून दाबून माती बसवली तशी तेही थांबलं. सकाळपासूनची खळखळ थांबली. धम्मपाल आणि सत्यमला दोराला धरून वर ओढलं, तर दोघांना उभं राहता येईना. एकाच चादरीत बसवून त्यांना चहा पाजला. सरितानं नवऱ्याचे हात चोळले. बोटांची कातडी पोत्यांनी सोलली होती.

सुदर्शननं नारळ फोडला. कुणाच्या तरी फोनवर सगळं चित्रण चालू होतं. गावाच्या एकीबद्दल तो बोलला, आणि मशीन मिळवून दिल्याबद्दल, पोटचा पोरगा पाण्यात घातल्याबद्दल काकासाहेबांच्या गळ्यात हार घातला. खोबऱ्याचा तुकडा सगळ्यांना मिळाला. सरितालाही मिळाला. मातीचं नाव कुणी काढलं नाही. अमृता मॅडम मात्र जाता जाता सुदर्शनला म्हणाल्या, "भरावाला लागून एवढा खोल खड्डा ठेवून चालणार नाही. पाणी झिरपायला लागायच्या आधी भरून घ्या."

"व्हय व्हय, भरू ना," सुदर्शन म्हणाला.

गोजरबाई खड्ड्याच्या काठावर बसून उपटलेल्या पऱ्हाट्यांची बोंडं तोडत होत्या. सरिता शेजारी जाऊन बसली. दोघींनी अंधार पडेस्तोवर बोंडं तोडली. गोजरबाई तिच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

पुढं कितीतरी दिवस त्या बोलल्या नाहीत. भाकरी वाढली तर खायच्या, पाणी दिलं तर प्यायच्या. दंडावर पाच बोटांचा काळा वळ उठला होता, त्याला स्वतःच तेल लावायच्या. धम्मपाल म्हणायचा, "तिचं मन आपोआप वळेल." सरिताला तसं वाटत नव्हतं. ती रात्री पडल्या पडल्या तेच घोळवायची, की आपण म्हातारीला हात धरून तिच्या रानातून काढलं. जे गावाला जमलं नाही, ते आपल्या हातून झालं.

पाणी टिकलं. नळ चालू राहिला. पलीकडच्या मोटारी दिवसभर गुरगुरत होत्या. ऊस हिरवागार होता. इकडं रानाच्या जागी छातीभर खोल खड्डा, आणि वरच्या अंगाला उरलेला एक पट्टा.

थंडी पडली तसा खड्ड्यात तळाला ओलावा दिसायला लागला. मग पाणी. भरावाखालून झिरपत झिरपत ते गुडघ्याएवढं साचलं. धम्मपालनं करमाडच्या मेहुण्याकडून जुनं डिझेल इंजिन आणलं, वरच्या पट्ट्यात गहू पेरला आणि खड्ड्यातलं पाणी त्याला द्यायला लागला. त्या रानानं पहिल्यांदा रब्बीचं पाणी बघितलं. गहू बोटभर उगवला तेव्हा गोजरबाई काठी टेकत येऊन बघून गेल्या. बोलल्या मात्र नाहीत.

एक दिवस अमृता मॅडम भराव तपासायला आल्या. सोबत सुदर्शन आणि काकासाहेब. इंजिन चालू होतं. मॅडम खड्ड्यात उतरल्या, पाणी येत होतं तिथं हात धरला, ओंजळ उजेडात नेऊन बघितली. ओंजळीत बारीक माती होती.

"इंजिन बंद करा आधी," त्या म्हणाल्या. "तुम्ही इथलं पाणी ओढता, तसं भरावातलं पाणी जोरानं इकडं येतं. येताना पोटातली माती आणतं. असंच चाललं तर खांड परत पडेल."

सुदर्शनचा चेहरा उतरला. "ए धम्मा, बंद कर ते. तुला काय गाव बुडवायचंय का?"

धम्मपाल पुढं सरला, पण सरिता त्याच्या आधी इंजिनाकडं गेली. तिनं स्वतःच्या हातानं ते बंद केलं. आवाज थांबला तसं पलीकडच्या मोटारींचं गुरगुरणं ऐकू यायला लागलं.

"केलं बंद," ती म्हणाली. "आता खड्डा बुजवा."

"बुजवू की. उन्हाळ्यात बंधाऱ्यातला गाळ निघंल तवा..."

"उन्हाळ्यापर्यंत माझा गहू उभा ऱ्हाईल का? मॅडम म्हणतात धोका आज हाये. मग माती आज यायला पायजे. उद्या सकाळी नाय आली तर इंजिन चालू व्हणार. खड्डा आमच्या रानात हाये, पाणी आमच्या रानात येऊ ऱ्हायलं."

काकासाहेब म्हणाले, "लई बोलायला शिकली ही."

"काकासाहेब, खड्डा भरावाच लागेल," अमृता मॅडम म्हणाल्या. "आणि त्यांचं रान होतं तसं करून देणं आपल्यावर आहे. मी मागंही सांगितलं होतं."

ते गेले. गोजरबाई लिंबाखालच्या बाजेवर बसून सगळं ऐकत होत्या. सरिता रानातल्या चुलीजवळ आली तेव्हा त्या म्हणाल्या, "च्या टाक. तुझ्यासाठीबी टाक."

सरितानं पातेल्यात पाणी ओतलं. डोळे धुरानं भरले म्हणून तिनं पदरानं पुसले.

दुसऱ्या दिवशी उन्हं अंगावर यायच्या आधीच ट्रॅक्टर आला. सत्यम चालवत होता. पुलाचा फेरा घालून आला होता. ट्रॉली काठोकाठ भरलेली. धम्मपाल बाजूला झाला. सत्यमनं खड्ड्याच्या काठाला ट्रॉली लावली आणि उचलायला दांडी धरली.

"थांब," गोजरबाई म्हणाल्या.

त्या काठी टेकत ट्रॉलीजवळ आल्या, हात आत घातला, मूठभर माल काढला. तांबडा, भुरभुरीत, बारीक खड्यांचा. त्यांनी मूठ उघडली आणि वाऱ्यावर सोडली.

"ह्यो मुरूम हाये."

"खड्डाच भरायचा ना, मावशी," सत्यम खाली बघत म्हणाला. "सुदर्शनदादांनी हेच भरायला सांगितलं."

"ह्यात गहू येईल का? कापूस येईल?"

ट्रॅक्टरचं इंजिन धडधडत होतं. सत्यमनं धम्मपालकडं बघितलं. धम्मपालनं नवी कातडी आलेल्या बोटांचा हात मानेवरून फिरवला. सरिता सासूच्या मागं जाऊन उभी राहिली.

"मग कसली आणू?" सत्यमनं शेवटी विचारलं.

गोजरबाईंनी काठीनं पलीकडचा काठ दाखवला. उसाच्या कडेची जमीन काळीभोर दिसत होती.

"जशी नेली तशी आण," त्या म्हणाल्या.

सत्यमनं गिअर टाकला, भरलेली ट्रॉली तशीच मागं घेतली आणि ट्रॅक्टर पुलाच्या रस्त्याला वळवला.